मोठ्यांनी खेळायचं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मुलांना मोबाईलपासून लांब कसं ठेवायचं यावर तुमच्या पुरवणीत काही ना काही छापून येतं, आणि त्यात पत्ते, कॅरम, सापशिडी, व्यापार हे सगळं मुलांच्या पुढ्यात मांडा असा सल्ला असतोच. सल्ला चांगला आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण मुलांपुढे पट मांडून झाल्यावर आईबापांनी, आजीआजोबांनी, काकामामांनी काय करायचं ते कोणी लिहीत नाही, म्हणजे त्यांनी सोफ्यावर बसून आपापला मोबाईल बघायचा हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. त्याबद्दल हे पत्र. लांब होणार आहे हे आधीच सांगते, कात्री लावायची तर खुशाल लावा पण शेवटाकडचा भाग ठेवा कारण मागणी तिथं आहे.

झालं असं की आम्ही दोघं लंडनला नणंदेकडे गेलो होतो. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, लग्न होऊन तिकडे गेल्या त्या तिकडच्याच झाल्या, हॅरोला घर आहे. आमचं नातं एकदम उत्तम, म्हणजे तीसेक वर्षांत कधी शब्दाला शब्द नाही, दिवाळीला फोन, वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर फुलांचा गुच्छ, इथे आल्या की मी पुरणपोळी करणार आणि त्या "अगं कशाला एवढं केलंस" म्हणणार. आता तुम्हीच सांगा, ज्या नात्यात कधी भांडणच होत नाही त्यात माणसं एकमेकींना ओळखतात तरी किती? हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, नंतर सुचलं.

तर भाच्यानं सरप्राईज म्हणून आम्हा दोघींची तिकिटं काढून ठेवली होती. मला वाटलं नाटकबिटक असेल, तिकडे गेल्यावर सगळे नाटक बघतात ना. तर म्हणाला मामी, मोनोपॉली आहे, म्हणजे आपल्या व्यापारासारखा खेळ, पण टेबलावरची नाही, तुम्ही दोघींनी पटावर चालायचं. टॉटनहॅम कोर्ट रोडवर, गूज स्ट्रीट स्टेशनच्या जवळ ही जागा आहे, 'मोनोपॉली लाईफसाईज्ड' नाव, २०२१ मध्ये सुरू झालेली. आमच्या ह्यांनी गुडघ्याचं कारण सांगून आधीच अंग काढून घेतलं होतं, ते ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पं बघायला गेले (विदर्भातली अमरावती नव्हे, आंध्रातली, मी पण आधी चमकलेच होते). गुडघे दुखतात तर म्युझियममध्ये काय पालखीतून फिरवतात का, पण असो. तिकिटाचा आकडा मी इथं लिहीत नाही, ताईंनी आधीच बजावलं होतं की रुपयांत गुणाकार करायचा नाही, आणि बँकेत जन्म काढलेल्या बाईला तो आपोआप होतो हा माझा नाईलाज. स्वस्त नाही एवढंच सांगते.

आत गेलं की खरोखरच पट जमिनीवर आहे, साधारण पंधरा मीटर बाय पंधरा मीटर, सगळीकडे त्या ओळखीच्या रंगांच्या पट्ट्या आणि लंडनच्या रस्त्यांची नावं. वेगवेगळ्या टीम असतात आणि प्रत्येक टीमबरोबर सोंगटी म्हणून एक खरा माणूस दिलेला असतो, नट असतो तो, तो तुम्हाला हसवतो, चिडवतो, पुढे काढतो. फासा टाकायचा, घरं मोजत जायचं, आणि ज्या जागेवर पोचाल ती नुसते पैसे मोजून आपली होत नाही, तिथली कामगिरी पार पाडावी लागते. म्हणजे कुठे घड्याळ लावून लंडनची प्रसिद्ध बिल्डिंग उभी करायची, कुठे सांकेतिक मजकूर सोडवायचा, स्ट्रँडवर एक खून झालेला असतो त्याचा तपास लावायचा आणि मेफेअरमध्ये तर चक्क दागिन्यांची चोरी. जमलं तर जागा घ्यायचा चान्स. जेल आहे, चान्सची कार्डं आहेत, भाडं आहे, सगळं आहे. ऐंशी मिनिटांचा खेळ, शेवटी ज्याची मालमत्ता जास्त तो जिंकला.

आम्ही दोघी साठीच्या अलीकडपलीकडच्या, आजूबाजूला ऑफिसातली तरुण मंडळी आणि एक मोठं कुटुंब, त्यात आम्ही कुर्ता आणि स्पोर्ट्स शूज घालून. पहिली दहा मिनिटं नेहमीसारखी गेली. "तुम्ही टाका ना फासा." "नाही गं, तू टाक." "नको, तुम्ही मोठ्या." आमची सोंगटी बिचारी आळीपाळीनं दोघींकडे बघत होती, तिला कळेना या बायका खेळायला आल्यात की हळदीकुंकवाला.

मग आम्ही ओल्ड केंट रोडवर पोचलो. पटावरची सगळ्यात स्वस्त जागा, टेबलावरच्या खेळात ६० पौंड किंमत, मेफेअर ४०० पौंड, आमच्या लहानपणीच्या व्यापाराच्या पटावरही असंच असायचं, एक टोक गरिबांचं आणि एक टोक शेठ लोकांचं. मी म्हटलं घेऊन टाकू, मिळेल ते घ्यावं, जागा रिकामी ठेवू नये. ताई म्हणाल्या अजिबात नको, पैसे राखून ठेवायचे, मोठं काहीतरी घ्यायचं. मी म्हटलं मोठं मिळेपर्यंत काय करणार, रस्त्यावर राहणार? तर त्या म्हणाल्या तुमच्या घरात हेच चालत आलंय, लहान लहान खोल्या घेत बसायच्या आणि त्यातच खूश राहायचं. "तुमच्या घरात!" अहो त्यांचंच माहेर ते, मी तर सून. आणि मग मी जे बोलले ते इथं सगळं लिहीत नाही पण त्यात मुलुंडचा वन रूम किचन होता, सासूबाईंचं आजारपण होतं आणि लंडनहून येणाऱ्या सल्ल्यांबद्दल दोन वाक्यं होती. ताईंनीही कसर ठेवली नाही. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत तिकडे भाड्याच्या खोलीत दोन दोन कोट घालून झोपायच्या हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, तेही भांडता भांडता, कारण पत्रात कधी लिहिलं नाही, इथे सगळ्यांना वाटायचं लंडनला म्हणजे ऐषच. आणि हे सगळं मराठीत, पटाच्या मधोमध उभं राहून, बाजूची टीम आमच्याकडे टाळ्या वाजवून बघतेय कारण त्यांना वाटलं आम्ही खेळात फारच रंगलोय. रंगलोच होतो म्हणा.

ओल्ड केंट रोड आम्ही घेतला. मी जिंकले ते भांडण.

स्ट्रँडच्या खुनाच्या वेळी मात्र ताईंपुढे माझं काही चाललं नाही. त्या रोज रात्री टीव्हीवर गुप्तहेरांच्या मालिका बघतात हे मला माहीत होतं पण त्याचा असा उपयोग होईल हे नव्हतं. मी एकेक गोष्ट हातात घेऊन वाचत होते तोवर यांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला. मधेच मी त्यांना "अगं थांब ना जरा, बघू दे मला" असं म्हणून गेले. अगं! मोठ्या नणंदेला! तोंडातून निघाल्यावर मीच गप्प झाले तर त्या म्हणाल्या, "थांबायला वेळ नाहीये, ते कार्ड दे इकडे." बस्स. त्यानंतर खेळ संपेपर्यंत आम्ही एकमेकींना अगं-तूगंच करत होतो.

आम्ही जिंकलो नाही, ऑफिसातली पोरं जिंकली, त्यांच्यात एक मुलगी बहुतेक अकाउंट्सवाली असणार, भाडं बरोबर वसूल करत होती.

येताना ट्यूबमध्ये भाचा मोबाईलवर वाचून एकेक सांगत होता ते ऐकून मी थक्क झाले, तुमच्या वाचकांनाही आवडेल म्हणून लिहिते. हा खेळ मुळात एका बाईचा. एलिझाबेथ मॅगी तिचं नाव, अमेरिकेतली, १९०४ मध्ये तिला 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळालं. आणि तिचा हेतू काय, तर जमिनीचे मालक नुसत्या भाड्यावर कसे गब्बर होतात आणि भाडेकरू कसे खंक होतात ते लोकांना खेळता खेळता कळावं. तिनं नियमांचे दोन संच केले होते, एकात एकानं कमावलं की सगळ्यांचा फायदा आणि दुसऱ्यात एकानं बाकीच्यांना धुऊन काढायचं. जगात चालला कुठला तर दुसरा! पुढे लोकांनी घरोघरी आपापले पट बनवले, त्यातलाच एक चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थानं पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला १९३५ मध्ये, त्याला मिळाली रॉयल्टी आणि नाव, आणि मॅगीबाईंचं पेटंट कंपनीनं ५०० डॉलरला घेतलं. भाडेकरूंची बाजू मांडायला गेलेल्या बाईला शेवटी तिच्याच खेळानं खंक केलं म्हणायचं. ताई म्हणाल्या, बघ, बायकांनी डोकं चालवायचं आणि नाव कोणाचं. यावर मात्र आमचं एकमत होतं.

आणि लंडनचा पट कसा झाला, तर लीड्स गावात वॉडिंग्टन्स म्हणून छपाईची कंपनी होती, तिनं इंग्लंडसाठी हक्क घेतले आणि तिचे मॅनेजिंग डायरेक्टर व्हिक्टर वॉटसन आपल्या सेक्रेटरीला, मार्जरी फिलिप्सना घेऊन लंडनला आले, जागा निवडायला. म्हणजे लंडनच्या रस्त्यांचा भाव कोणी ठरवला तर लीड्सच्या माणसांनी, हे म्हणजे मुंबईचा व्यापार नागपूरवाल्यांनी मांडण्यासारखं. म्हणूनच की काय त्यात गमती आहेत. थेम्सच्या दक्षिणेचा एकच रस्ता पटावर आहे, तो आमचाच ओल्ड केंट रोड. एंजल इस्लिंग्टन तर रस्ताच नाही, ती एक बिल्डिंग, तिथं तेव्हा कॅफे होतं. स्टेशनं चार, किंग्ज क्रॉस, मेरिलबोन, फेंचर्च स्ट्रीट, लिव्हरपूल स्ट्रीट, चारही तेव्हाच्या एकाच रेल्वे कंपनीची, लीड्सहून येणारी गाडी त्याच कंपनीची. पण गंमत अशी की नव्वदेक वर्षं झाली तरी लंडनची पोरं आपल्या शहराचे रस्ते त्या पटावरून शिकतात.

आता इकडची गोष्ट. परत आल्यावर मला उत्साह आलेला, म्हटलं इथंही असं काही असेल तर आमच्या जावेला, भावाला, सगळ्यांना घेऊन जाऊ. ठाण्याजवळच्या एका मॉलमध्ये मोठ्ठी सापशिडी आहे असं कळलं. गेलो. तर फरशीवर एक प्लॅस्टिकची चटई, तिच्यावर सापशिडी छापलेली, भोवती जाळी, मोजे वेगळे विकत घ्यायचे, वेळ मोजकी, आणि आत फक्त बारा वर्षांखालची मुलं. मी तिथल्या मुलीला म्हटलं अगं मला पण खेळायचंय. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाली आंटी, पेरेंट्ससाठी बाहेर सीटिंग आहे. सीटिंग! तिचा काही दोष नाही, तिला नियम दिलेला तो तिनं सांगितला. पण त्या सीटिंगवर तीस-चाळीस मोठी माणसं बसली होती आणि एकूण एक खाली मान घालून मोबाईलमध्ये. नवरा-बायको शेजारी शेजारी, आजोबा-आजी शेजारी शेजारी, कोणी कोणाशी बोलत नाही. पोरं आत, आपण बाहेर, याला आपण फॅमिली आऊटिंग म्हणतो. बागेत जा, तिथंही झोपाळ्यावर वयाची पाटी, मोठ्यांना काय तर चालायचा ट्रॅक आणि व्यायामाची ती लोखंडी यंत्रं. म्हणजे मोठ्यांनी फक्त तब्येत सांभाळायची, खेळायचं नाही. ज्येष्ठ नागरिक संघात कॅरम आहे, मान्य, पण तिथं मुलं येत नाहीत आणि सुना तर नाहीच नाही.

आणि हे आपल्याकडे असं का व्हावं मला कळत नाही कारण मोठ्या माणसांनी पटावर खेळायचं हे काही आपण विलायतेकडून शिकायला नको. फत्तेपूर सिक्रीला अंगणात फरशीवर पचिसीचा पट आहे, अकबर बादशहा त्यावर माणसांच्या सोंगट्या करून खेळायचा असं तिथले गाईड सांगतात (सोंगट्या म्हणून दासी उभ्या करायचे म्हणे, ते काही मला आवडलं नाही, पण पट आहे). आपल्याकडचा मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, तर थेट ज्ञानेश्वर माऊलींच्या नावाशी जोडलेला आहे परंपरेनं, शिड्या म्हणजे सत्संग, दया, सद्बुद्धी आणि साप म्हणजे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर, कवड्या टाकून खेळायचा, आणि तो काय फक्त पोराटोरांसाठी होता? मोह आणि मत्सर बारा वर्षांखालच्यांना असतो का? तो मोठ्यांचाच खेळ. इंग्रजांनी नेला, त्यातली नावं गळत गळत नुसते साप आणि आकडे उरले आणि आपण तो परत घेऊन मुलांच्या हातात दिला. सावंतवाडीचा गंजिफा घ्या, दशावताराच्या १२० पत्त्यांचा डाव, दहा अवतारांचे बारा बारा पत्ते, तो लक्षात ठेवून खेळणं हे काही लहान मुलाचं काम नाही. राजवाड्यात अजून बनवतात ते पत्ते, लोक विकत घेतात आणि फ्रेम करून भिंतीला लावतात. खेळतं कोण?

भाच्यानं अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं. इटलीत मारोस्तिका म्हणून छोटंसं गाव आहे, तिथं चौकातच बुद्धिबळाचा मोठा पट आहे आणि दर सम वर्षी सप्टेंबरात गावातली माणसं जुने पोशाख घालून प्यादी, उंट, वजीर होतात, खरे घोडे आणतात. गोष्ट अशी की १४५४ मध्ये दोन सरदार एकाच मुलीच्या प्रेमात पडले, तलवारी काढणार तर तिच्या बापानं, म्हणजे गावच्या कारभाऱ्यानं सांगितलं, मुकाट्यानं बुद्धिबळ खेळा. गोष्ट खरी की रचलेली ते सोडून द्या, पण गावानं ती उचलली आणि जगभरचे लोक बघायला येतात. म्हणजे तिकिटाची कंपनी पाहिजे, मॉल पाहिजे, असं काही नाही. चौक पाहिजे आणि गावाची हौस पाहिजे. गणपतीत देखाव्यांवर आपण काय कमी हौस करतो का?

तर आता मागणी. आपल्या मुंबई-ठाण्यात एक मोठा, माणसांनी चालायचा, व्यापाराचा पट असावा. महापालिकेनं करावा, सांस्कृतिक खात्यानं करावा, एखाद्या मोठ्या गणेश मंडळानं करावा, कोणीही करावा, पण वयाची पाटी नसावी. आणि नुसता फासा टाकून पैसे मोजायचा नको, कामगिरीवाला हवा, कारण खरी मजा कामगिरीत आहे, कामगिरीत माणूस कळतो.

मी मनातल्या मनात मांडून बघितलाय, आता सांगतेच. डबेवाल्यांचं घर असेल तिथं डब्यांच्या झाकणांवरचे रंग, अक्षरं, आकडे वाचून कुठला डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा आणि कुठल्या बिल्डिंगच्या कुठल्या मजल्यावर न्यायचा ते ओळखायचं, घड्याळ लावून. दादरच्या फुलबाजारात वीतभर गजरा ओवायचा, पुरुषांनी सुद्धा. भाऊच्या धक्क्यावर मासे ओळखायचे, सुरमई कुठली, हलवा कुठला, घोळ कुठली, आणि जे शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केट, तिथं आंबा हापूस की दुसराच ते नुसत्या वासावरून सांगायचं. धारावीच्या कुंभारवाड्यात चाकावर एक पणती, फाटली तरी चालेल पण पणती दिसली पाहिजे. लालबागला मूर्तीचे डोळे काढायचे नाहीत, ते कारागिरांनाच जमतं, पण तिथं माळ गुंफायची, मुकुटावर खडे लावायचे. स्टेशनं चार, दादर, कुर्ला, ठाणे आणि सीएसएमटी, आणि तिथली कामगिरी म्हणजे अनाउन्समेंट ऐकून फलाट बदलायचा, जिना चढून उतरून गाडीला वेळेत पोचायचं. ह्यात बाहेरगावचे हरणार म्हणजे हरणारच.

जेलऐवजी मला वाटतं एक चौक करावा, त्याचं नाव 'रिडेव्हलपमेंट'. तिथं सोंगटी गेली की बसली, बिल्डर भाडं देतो म्हणाला, दोन महिने दिलं, मग थांबलं, किती डाव बसायचं ते कोणालाच माहीत नाही. चान्सच्या कार्डात एक बीडीडी चाळीचं, १६० चौरस फुटांची खोली होती ती ५०० फुटांचा फ्लॅट झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि एक रंग पागडीच्या घरांचा, त्यात मालकाला भाडं इतकं कमी की मोजायला लाज वाटेल पण भाडेकरूला हलवता येत नाही. मॅगीबाई असत्या तर त्यांनी ही पागडीची घरं डोक्यावर घेतली असती. एरवी काय, लाईफसाईज व्यापार तर या शहरात आम्ही रोजच खेळतोय, फक्त फासा दुसऱ्याच्या हातात असतो.

मोक्षपटाला माझा विरोध नाही, कोणी पुण्या-आळंदीला केला तर मी पहिली जाईन, लोभाच्या सापावरून घसरायला मला आवडेल. पण तो खेळ ज्याचा त्याचा, आपण आपलं चढायचं आपण आपलं घसरायचं, त्यात दोघांना मिळून ठरवावं लागत नाही. व्यापारात ठरवावं लागतं, पैसे एक आणि डोकी दोन, तिथं माणसं बोलतात. लंडनला आम्ही तेवढ्या वेळात जे बोललो ते एरवी जेवणाच्या टेबलावर कधीच निघालं नसतं कारण टेबलावर पुरणपोळी असते. मी परत आल्यापासून ताईंचे फोन बदललेत. आता त्या दिवाळीची वाट बघत नाहीत, मधेच करतात, परवा त्यांच्या सुनेबद्दल सांगत होत्या आणि मी सरळ म्हटलं, यात चूक तुझी आहे. अर्धा मिनिट शांतता. मग म्हणाल्या, बोल पुढे.

खर्चाचं म्हणाल तर तिकडच्यासारखा झगमगाट नको, नट नकोत, मोठमोठे सेट नकोत. फरशीवर रंग, चार कनाती, डबे, फुलं, चाक आणि माती एवढ्यावर होईल. जागा आहेत. पालिकेच्या शाळा सुट्टीत मोकळ्या असतात, त्यांची पटांगणं आहेत. नाट्यगृहांच्या बाहेरच्या जागा सकाळी रिकाम्या असतात. तिकीट ठेवायचं तर पन्नास-शंभर ठेवा पण एक अट घाला की टीममध्ये दोन पिढ्या तरी पाहिजेत, नाहीतर निदान एकमेकांशी फार सभ्यपणे वागणारी दोन माणसं, सासू-सून, साडू-साडू, विहीण-विहीण. विहिणींचा डाव बघायला तर मी वेगळं तिकीट काढीन. बसायला खुर्च्या ठेवा पटाच्या मधे मधे, कारण गुडघे सगळ्यांचेच दुखतात, पण खुर्च्या पटावर पाहिजेत, जाळीच्या बाहेर नकोत. पाणी आणि स्वच्छ टॉयलेट जवळ हवं, बायका कुठं जायला नाही का म्हणतात त्याचं निम्मं कारण तेच असतं हे कुठल्याही आयोजकाला कळत नाही.

तुमच्या पेपरानं हे मनावर घेतलं तर होऊ शकतं असं मला वाटतं, तुम्ही लोक पाककृती स्पर्धा घेता, पैठणीचे खेळ घेता, मग हे का नको. निदान वाचकांना विचारा तरी की तुमच्या भागात असा पट झाला तर त्यावर कुठली घरं असावीत, मला खात्री आहे गिरगाववाले आणि डोंबिवलीवाले मेफेअर कुठं यावरूनच आठवडाभर पत्रं पाठवतील.

आणि पट झालाच तर बँकेच्या काउंटरला माणूस लागेल, तिथं मला बसवा. नोटा मोजायची सवय अजून गेलेली नाही, मशीन लागत नाही, हिशेब चुकणार नाही आणि उधारी देणार नाही. सोमवार सोडून कधीही बोलवा, सोमवारी आमची भिशी असते.

आपली,
एक निवृत्त बँकवाली, मुलुंड (पूर्व)